समुद्रसपाटी नसलेली उंची

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. दोन सतरंज्या, आठ पट, तीन घड्याळं आणि एक फळा, एवढंच सामान. तिथे एक मुलगी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सहावीत होती आणि तिचं फिडे रेटिंग होतं ११२०. १ मार्चला तिने फोनवर पाहिलं तर १४७२! मधल्या काळात ती एकही स्पर्धा खेळलेली नव्हती. तिला सोडायला तिचे आजोबा येतात. त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी मनापासून विचारलं, "सर, ही एका रात्रीत साडेतीनशे गुणांनी हुशार झाली का?"

झालं होतं ते असं. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, त्या दिवशी १००० ते २००० या पट्ट्यातली सगळी रेटिंग्ज एकाच सूत्राने वर उचलली. २००० मधून तुमचं रेटिंग वजा करायचं आणि जे उरेल त्याचे ४० टक्के तुमच्या रेटिंगमध्ये मिळवायचे. तिच्या बाबतीत उरले ८८०, त्याचे ४० टक्के ३५२, म्हणून १४७२. तिच्या खेळात काडीचाही फरक पडला नव्हता. बदलला होता तो फक्त आकडा.

मी आजोबांना हे सांगितलं, त्यांना ते पटलंही. पण मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला आणि त्याने मला बरेच दिवस गुंतवून ठेवलं. "म्हणजे हे आकडे असे हलवता येत असतील, तर तुम्ही लोक पन्नास वर्षांपूर्वीचा फिशर आणि आजचा कार्लसन यांची तुलना कशावर करता?"

मॉर्फी, लास्कर, कपाब्लांका, फिशर, कास्पारॉव्ह, कार्लसन यांच्यात सगळ्यांत मोठा कोण, हा वाद बुद्धिबळाच्या प्रत्येक अड्ड्यावर चालतो. इतर खेळांत असा वाद शेवटी आठवणींवर आणि आवडीनिवडीवर जाऊन थांबतो. बुद्धिबळाची गोष्ट वेगळी आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या डावाची प्रत्येक चाल आपल्याकडे लिहिलेली आहे आणि तो डाव आजही पटावर जसाच्या तसा मांडता येतो. पट तोच, ६४ घरं तीच, नियमही जवळजवळ तेच. मग मोजायला अडचण काय?

आधी रेटिंगचंच पाहू. ही पद्धत बसवली आर्पाद एलो यांनी. जन्म हंगेरीतला, लहानपणीच अमेरिकेत आलेले, मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि स्वतःही चांगले खेळाडू. विस्कॉन्सिन राज्याचं विजेतेपद त्यांनी अनेकदा मिळवलं होतं. अमेरिकेच्या महासंघाने त्यांची पद्धत १९६० मध्ये स्वीकारली, फिडेने १९७० मध्ये.

त्या पद्धतीचा गाभा सोपा आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला फरक शून्य असेल तर दोघांनी निम्मे-निम्मे गुण घ्यावेत अशी अपेक्षा. फरक १०० असेल तर वरच्याने ६४ टक्के, २०० असेल तर ७६ टक्के, ४०० असेल तर ९१ टक्के. अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळवले तर रेटिंग वाढतं, कमी मिळवले तर घटतं. बस्स. पण यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सूत्रात कुठेच कुणाचं रेटिंग एकटं येत नाही, येतो तो फक्त फरक. उद्या जगातल्या प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये हजार मिळवले तरी एकाही डावाबद्दलचं भाकीत बदलणार नाही.

कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे असं आपण म्हणतो तेव्हा ती उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. म्हणूनच तिची तुलना हजारो किलोमीटरवरच्या एखाद्या डोंगराशी करता येते. एलोच्या आकड्यांना समुद्रसपाटी नाही. एका शिखरावर उभं राहून शेजारचं शिखर किती खाली आहे, एवढंच ते सांगतात.

तेवढं मात्र ते छान सांगतात. १९७२ चं उदाहरण घ्या. रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या वेळी बॉबी फिशरचं रेटिंग होतं २७८५ आणि बोरिस स्पास्कीचं २६६०. फरक १२५. सूत्र म्हणतं, फिशरने ६७ टक्के गुण घ्यावेत. दुसऱ्या डावाला फिशर आलाच नाही, तो गुण स्पास्कीला बहाल झाला. तो सोडला तर प्रत्यक्ष पटावर २० डाव झाले. २० चे ६७ टक्के म्हणजे साधारण साडेतेरा. फिशरने मिळवले साडेबारा. वीस डावांत एका गुणाचा फरक सहज नशिबाच्या खात्यात जातो. एका माणसाच्या मेंदूतल्या एवढ्या गुंतागुंतीच्या उलाढालीचा अंदाज एका ओळीच्या सूत्राने इतका जवळून यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

पण आता २०१४ च्या मे महिन्यातला मॅग्नस कार्लसन घ्या. त्याचं तेव्हाचं रेटिंग २८८२, आजवरचं सर्वोच्च. फिशरपेक्षा ९७ ने जास्त. सूत्रात घातलं तर उत्तर येतं की त्या फिशरशी शंभर डाव खेळला तर कार्लसन ६४ गुण घेईल. हे वाक्य खरं ठरायला एकच अट आहे: १९७२ ची आणि २०१४ ची सपाटी एकच असली पाहिजे. ती आहे का?

रेटिंगचे गुण भिशीतल्या पैशांसारखे फिरतात. दोन तोडीस तोड अनुभवी खेळाडू खेळले की एकाला जेवढे मिळाले तेवढेच दुसऱ्याचे गेले. आता समजा, एक मुलगा ११०० वर आत आला आणि दोन वर्षांत खरोखर १८०० च्या ताकदीचा झाला. त्याला वर चढायला लागणारे गुण कुणाच्या तरी खिशातूनच जाणार. अशी हजारो मुलं आली की त्यांच्याशी खेळणारे जुने खेळाडू, खेळ तसाच असूनही, खाली घसरतात. आपल्याकडच्या रेटिंग स्पर्धांत पोरांकडून मार खाल्लेल्या प्रौढ खेळाडूंना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२४ ची ती उचल याच घसरणीवरचा उपाय होता. उलट, वरच्या टोकाला लोकांची तक्रार नेमकी विरुद्ध होती. १९७२ च्या यादीत २७०० च्या वर एकटा फिशर होता. अलीकडच्या याद्यांत त्या रेषेवर तीस-चाळीस जण असतात. २८०० गाठणारा पहिला कास्पारॉव्ह, १९९० मध्ये. नंतर क्रामनिक, टोपालॉव्ह, आनंद असे एकेक जण तिथे पोचत गेले. त्यामुळे अनेकांनी निष्कर्ष काढला की रेटिंगची महागाई झाली, रुपयाची किंमत घसरावी तशी गुणाची किंमत घसरली.

हे तपासायचं तर रेटिंगच्या बाहेरची कसोटी हवी. ती काय, ते पुढे येईलच. त्याआधी एलोंनी स्वतः काय केलं ते पाहू, कारण मला ते फार सुंदर वाटतं.

रेटिंग पद्धत नव्हती त्या काळातल्या खेळाडूंनाही त्यांनी आकडे दिले. कसे? एकमेकांशी झालेल्या लढतींची साखळी धरून. पॉल मॉर्फी १८५८ मध्ये अडॉल्फ अँडरसनशी खेळला. अँडरसन १८६६ मध्ये स्टाइनिट्झशी, स्टाइनिट्झ १८९४ मध्ये लास्करशी, लास्कर १९२१ मध्ये कपाब्लांकाशी, कपाब्लांका १९२७ मध्ये अलेखिनशी. अलेखिनकडून ऑयवे, ऑयवेकडून बॉट्विनिक, बॉट्विनिककडून स्मिस्लॉव्ह. आणि हाच स्मिस्लॉव्ह १९८४ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम लढतीत विशीतल्या गॅरी कास्पारॉव्हसमोर बसला. कास्पारॉव्ह १९९५ मध्ये आनंदशी खेळला आणि आनंद २०१३ मध्ये चेन्नईत कार्लसनशी. मॉर्फीपासून कार्लसनपर्यंत हस्तांदोलनांची एक अखंड माळ आहे. १९७८ च्या आपल्या पुस्तकात एलोंनी प्रत्येकाच्या सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी काढली. फिशर २७८०, कपाब्लांका २७२५, मॉर्फी २६९०.

पण माळेतली जवळजवळ प्रत्येक कडी बघा: एक म्हातारा आणि एक तरुण. १८९४ चा स्टाइनिट्झ साठीकडे झुकलेला होता आणि लास्कर पंचविशीचा. १९२१ चा लास्कर ५२ वर्षांचा, कपाब्लांका ३२ चा. म्हाताऱ्याची ताकद त्याच्या ऐन भरातल्या ताकदीपेक्षा किती उतरली होती, ते आधी ठरवल्याशिवाय पुढच्याचा आकडा निघत नाही. प्रत्येक कडीवर थोडी चूक होते आणि दहा कड्यांत ती साठत जाते. कापडवाल्याने एक मीटरची पट्टी दहादा सरकवून दहा मीटर कापड मोजावं, तसं.

मग काही जण म्हणाले, काळाच्या पलीकडे उडी मारूच नका. प्रत्येकाला त्याच्याच काळात मोजा. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तो किती पुढे होता? या कसोटीवर १९७२ चा फिशर थक्क करतो. त्याआधीच्या वर्षी त्याने आव्हानवीर ठरवणाऱ्या उमेदवारांच्या लढतींत मार्क तायमानॉव्हला ६-० ने आणि बेंट लार्सनला ६-० ने हरवलं होतं. लार्सन तेव्हा जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक होता आणि त्या पातळीवर निम्मे-अधिक डाव बरोबरीत सुटतात, हे लक्षात घ्या. यादीत फिशर आणि दुसरा स्पास्की यांच्यात १२५ गुण. कास्पारॉव्ह जानेवारी २००० मध्ये दुसऱ्या क्रमांकावरच्या आनंदपेक्षा ८२ ने पुढे होता, कार्लसन २०१४ च्या शिखरावर अरोनियनपेक्षा ६७ ने. म्हणजे फिशर पहिला. या कसोटीवर तो पहिला आहे हे मी बिनशर्त मान्य करतो.

मात्र ही कसोटी जुन्या लोकांच्या बाजूने झुकलेली आहे, आणि त्याला कुणाचाच इलाज नाही. पन्नास घरांच्या वाडीत सगळ्यांत उंच माणूस दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच असू शकतो. अख्ख्या देशातले सगळ्यांत उंच दोघे शेजारी उभे केले तर त्यांच्यात बोटभरही फरक सापडणार नाही. खेळणारे वाढले की टोकाला गर्दी होते. आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर, म्हणजे खेळातल्या सर्वोच्च किताबाचा मानकरी, झाला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. मानांकनात ती बरीच खाली होती, अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती. अशा गर्दीतून कुणी १२५ गुणांनी पुढे निघून जाईल, ही अपेक्षाच चुकीची. मॉर्फीच्या काळी तर पूर्णवेळ बुद्धिबळ खेळणारे जगात मूठभर होते.

आता ती बाहेरची कसोटी. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारॉव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं. त्यानंतर संगणक इतके पुढे गेले, की आज खिशातला फोन जगज्जेत्यापेक्षा चांगलं खेळतो. मग फोनलाच पंच का नेमू नये? इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, प्रत्येक स्थितीची किंमत प्याद्यांच्या भाषेत सांगतं: पांढरा एका प्याद्याने वरचढ, अर्ध्या प्याद्याने कमी, असं. सर्वोत्तम चालीची किंमत आणि खेळाडूने प्रत्यक्ष केलेल्या चालीची किंमत यातला फरक म्हणजे त्या चालीची चूक. शेकडो डावांतल्या हजारो चालींची सरासरी काढली की खेळाडूचा आकडा तयार. इथे प्रतिस्पर्धी कोण होता, यादीत किती जण होते, काहीच लागत नाही. समुद्रसपाटी सापडली असं वाटतं.

मलाही तसंच वाटलं होतं. मग एका रविवारी मी पटावर मॉर्फीचा १८५८ चा तो प्रसिद्ध डाव मांडला. पॅरिसच्या ऑपेरात, एका बाजूला २१ वर्षांचा मॉर्फी, दुसऱ्या बाजूला ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर आपसात सल्लामसलत करत. सात चाली झाल्या होत्या. पांढऱ्याचा वजीर बी-३ वर, उंट सी-४ वर. काळ्याचं बी-७ वरचं प्यादं उघडं पडलेलं. ती मुलगी लगेच म्हणाली, "सर, वजिराने प्यादं खाता येतंय."

येतंय, अगदी बरोबर. काळा वजिराने शह देईल, वजिराला वजीर जाईल आणि पांढरा एका प्याद्याने पुढे राहील. सुरक्षित, हिशेबी, जिंकून देणारा फायदा. मॉर्फीने ते प्यादं तिथेच सोडलं आणि शांतपणे घोडा बाहेर काढला. पुढच्या चालींत त्याने तोच घोडा बळी दिला, मोठ्या बाजूला किल्लेकोट करून, म्हणजे राजा आणि हत्ती एकदम हलवून, एका चालीत हत्ती कामाला लावला, तो हत्ती देऊन दुसरा आणला आणि सोळाव्या चालीला वजीरसुद्धा देऊन टाकला. सतराव्या चालीला हत्ती आणि उंट, पांढऱ्याच्या या दोनच मोहऱ्यांनी मात झाली. तेव्हा काळ्याच्या राजाकडचा उंट आणि त्याच्या पलीकडचा हत्ती डावभरात एकदाही घरातून हललेले नव्हते.

इंजिनच्या लेखी प्यादं खाणंही चांगलं, घोडा काढणंही चांगलं. दोन्ही खात्यांत फरक पडला तर दशांशात. पण मॉर्फीला काय ठाऊक होतं याचा विचार करा. सगळे मोहरे आधी बाहेर काढा, मग हल्ला करा, हा नियम आज मी पहिल्याच महिन्यात फळ्यावर लिहून देतो. १८५८ मध्ये तो कुणी असा नीट मांडून ठेवलेला नव्हता. तशा तत्त्वांची शिस्तशीर मांडणी पुढे स्टाइनिट्झच्या हातून झाली. फोनमधल्या पंचाला हा फरक दिसत नाही. सापडलेली चाल आणि शिकवलेली चाल त्याच्या लेखी सारखीच.

तरी या पद्धतीने झालेलं काम टाकाऊ नाही, उलट अतिशय कष्टाचं आहे. स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना विद्यापीठाच्या मातेय गुइद आणि इव्हान ब्रात्को यांनी २००६ मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतींतले डाव क्राफ्टी नावाच्या प्रोग्रामकडून तपासून घेतले. सुरुवातीच्या चाली पाठांतराच्या असतात म्हणून त्यांनी मोजणी बाराव्या चालीपासून धरली. सगळ्यांत कमी चुका कुणाच्या निघाल्या? कपाब्लांकाच्या. लोक तुटून पडले: क्राफ्टी स्वतःच जगज्जेत्यांपेक्षा कमी ताकदीचा, तो त्यांना काय तपासणार? त्यावर त्यांचं म्हणणं होतं, की पंचाच्या चुका सगळ्यांच्या बाबतीत सारख्याच असतील तर क्रम बिघडत नाही. शिंप्याचा टेप ताणून लांबला असला तरी दोघांतला उंच कोण, ते त्यावर कळतंच. पुढे त्यांनी जास्त ताकदीचे प्रोग्राम वापरूनही हे तपासलं.

खरी मेख दुसरीकडे होती आणि ती त्या दोघांनीच मोजून दाखवली. कपाब्लांकाच्या डावांतल्या स्थिती मुळात सोप्या होत्या. तो गुंता टाळायचा, मोहरे बदलून पट मोकळा करायचा आणि मग बारीकसा फायदा शेवटपर्यंत ओढत न्यायचा. याच्या उलट मिखाइल ताल. तो पटावर असं रान माजवायचा की इंजिनच्या हिशेबाने त्याची स्वतःचीही चूक व्हायची, पण समोरच्याची त्याहून मोठी. १९६० मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी त्याने बॉट्विनिकला असंच हरवून जगज्जेतेपद घेतलं. सरळ रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या आणि घाटात चालवणाऱ्याच्या चुका एकाच वहीत मांडल्या तर घाटवाल्यावर अन्यायच होतो. घाट त्याने स्वतः निवडला हेही खरं, पण समोरच्याला दरीच्या कडेने चालवणं हेच तर त्याचं कौशल्य होतं.

२०१७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या ज्याँ-मार्क आलिओ यांनी स्टॉकफिश हे कितीतरी जास्त ताकदीचं इंजिन महासंगणकावर चालवून स्टाइनिट्झपासूनच्या जगज्जेत्यांचे सुमारे २६,००० डाव तपासले. नुसती सरासरी न काढता, कोणत्या स्थितीतून खेळाडू कुठल्या स्थितीत जातो याच्या शक्यता मांडून कोण कुणाला हरवेल याचा अंदाज त्यांनी बांधला. क्रम आला कार्लसन, क्रामनिक, फिशर, कास्पारॉव्ह असा. फिशर तिसरा येतो हे वाचून मी थांबलो होतो. त्याच्या आसपासची बाकीची सगळी नावं संगणकाच्या मदतीने तयारी केलेल्या काळातली. फिशरजवळ काय होतं? पुस्तकं, सोव्हिएत मासिकं आणि ती वाचण्यासाठी मुद्दाम शिकलेली रशियन भाषा.

आणि महागाईचा तो प्रश्न? बफलो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक केनेथ रीगन, जे स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत, त्यांनी गाय हॅवर्थ यांच्याबरोबर २०११ मध्ये वेगळ्या दिशेने पाहिलं. एकाच रेटिंगचे खेळाडू १९७० च्या दशकात आणि नंतरच्या काळात किती अचूक खेळत होते, हे त्यांनी इंजिनच्या मदतीने ताडलं. फार फरक निघाला नाही. म्हणजे वरच्या टोकाला गुण स्वस्त झाल्याचा जो गवगवा होता, त्याला चालींच्या दर्जात आधार सापडत नाही. २७०० च्या वर आज तीस-चाळीस जण असतात, कारण तेवढे जण खरोखर तितकं चांगलं खेळतात. हे उत्तर मला अनपेक्षित होतं. त्यावरून मी मान्य केलं की नुसत्या चाली पाहिल्या तर २०१४ चा कार्लसन १९७२ च्या फिशरपेक्षा सरस आहे.

पण नुसत्या चाली पाहणं म्हणजे काय, ते आता सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. चाल एका माणसाच्या डोक्यातून येते असं आपण धरून चालतो. ती अर्धीच त्याची असते. उरलेली अर्धी त्याच्याआधी हरलेल्या आणि हरून टिपणं काढून ठेवलेल्या शेकडो लोकांची असते. कार्लसनच्या आणि मॉर्फीच्या चाली शेजारी ठेवून आपण दोन माणसं मोजत नाही. एका बाजूला दीडशे वर्षांची सामायिक मेहनत ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला तिच्याशिवाय बसलेला एक एकटा पोरगा.

उलट दिशेनेही फसगत होते. पूर्वी पाच तासांत डाव संपला नाही तर तो तहकूब व्हायचा. ज्याची चाल असेल तो ती कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि पंचाच्या ताब्यात द्यायचा. मग रात्रभर दोन्हीकडचे मदतनीस पट मांडून बसायचे आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू तयार उत्तरं घेऊन यायचा. संगणक बळावल्यावर नव्वदच्या दशकात ही प्रथा बंद पडली. म्हणजे बॉट्विनिकच्या एखाद्या डावातल्या पन्नासाव्या चालीला इंजिन शाबासकी देतं तेव्हा त्यात रात्रभर जागलेल्या चार जणांचा वाटा असू शकतो. कार्लसनला ती सोय नाही. २०२१ मध्ये दुबईत नेपोम्नियाच्ची विरुद्धचा सहावा डाव १३६ चाली, पावणेआठ तास चालला, एका बैठकीत. जगज्जेतेपदाच्या इतिहासातला तो सगळ्यांत लांब डाव कार्लसनने जिंकला, शेवटच्या तासांत दोघेही थकलेले असताना. या थकव्याचा रकाना कुठल्याच मोजणीत नाही.

कपाब्लांकाकडे परत येतो. १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं तो हरला नाही. किती डाव? ६३. कार्लसन २०१८ ते २०२० या काळात १२५ डाव हरला नाही. आकडा दुप्पट, काळ एक चतुर्थांश. यातलं मोठं काय, ते मला ठरवता येत नाही. पण कपाब्लांकाची ती मालिका कशी तुटली ते फार बोलकं आहे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने पहिल्या चालीला मधलं प्यादं न सरकवता घोडा काढला. मधली घरं प्याद्यांनी व्यापायची नाहीत, लांबून त्यांच्यावर नजर ठेवायची, असा तो नवा विचार. त्याच्यापुढे कपाब्लांका, ज्याच्या चालींत सगळ्यांत कमी चुका सापडतात तो कपाब्लांका, हरला. आज तोच विचार बारा वर्षांच्या मुलांना माहीत असतो.

आणि याच कपाब्लांकाला १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत मीर सुलतान खानने हरवलं. पंजाबातल्या एका गावचा माणूस. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला, देशी नियमांवर वाढलेला. त्या नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. आपल्याकडच्या जुन्या पिढीतले लोक असंच खेळायचे. सुलतान खान १९२९ मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला गेला, काही महिन्यांतच ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला आणि १९३२, १९३३ ला पुन्हा जिंकला. मग मालकाबरोबर परत आला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा बाहेर पडला. १९६६ मध्ये गेला. युरोपीय नियम शिकून त्याला पुरती दहा वर्षंही झाली नव्हती आणि समोरचे लोक लहानपणापासून सुरुवातीच्या चाली घोकत आलेले. त्या सामायिक मेहनतीतला त्याच्या वाट्याला आलेला भाग जवळजवळ शून्य. इतक्या कमी शिदोरीवर इतकं दूर गेलेला दुसरा खेळाडू मला माहीत नाही. कुठल्याही यादीत तो पहिल्या दहांत येत नाही. फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, आमच्या वर्गातल्या मुलीचे गुण वाढण्याच्या महिनाभर आधी.

गेल्या रविवारी मी त्याचा कपाब्लांकाविरुद्धचा तो डाव लावला. पांढरा सुलतान खान, एकूण ६५ चाली. फोन सतरंजीखाली ठेवायला सांगितले होते. चाळिसाव्या चालीपर्यंत आलो आणि हॉलची वेळ संपली. आजोबा दारात येऊन उभे होते. मुलगी उठायला तयार नव्हती, तेव्हा मी तिला जुनी रीत सांगितली. तिने वहीचा अर्धा कागद फाडला, पांढऱ्याची एक्केचाळिसावी चाल लिहिली, मला दिसू नये म्हणून हाताने झाकून घडी घातली आणि लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटात बंद करून माझ्याकडे दिली. ते पाकीट फळ्यामागे ठेवलंय.